चाळीस रेघा

लेकीने खोटं सांगितलं ते एका श्वासात, आणि पुढचे तीन आठवडे तिला श्वास म्हणून नीट घेता आला नाही.

"किती?" बाबांनी विचारलं होतं.

"दोन," ती म्हणाली होती.

डायलचा काटा चाळीस रेघा हलला होता.

आता हे दोन आणि चाळीस काय प्रकरण आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं. घरची गाडी जुनी, इंजिनाच्या ठोकळ्याला तडा गेलेला. लेक लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर, त्यामुळे विजेच्या मोटरींशी तिचं रोजचं भांडण आणि रोजची दोस्ती. लहानपणी घरातला फ्यूज तीनदा उडवला म्हणून तिचं नावच फ्यूज पडलं, ते छत्तिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. इंजिन काढून टाकायचं आणि त्याच्या जागी मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची मोटर बसवायची, हे खूळ तिचंच. मोटर मिळाली, बॅटऱ्या मिळाल्या. घोडं अडलं ते मधल्या जोडाशी. मोटरचं तोंड वेगळं, गिअरबॉक्सचं तोंड वेगळं. एकाची भोकं दुसऱ्याच्या भोकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मध्ये एक जाड प्लेट लागते, एका बाजूने मोटरला बसणारी आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सला. आणि ती बसली की मोटरचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट समोरासमोर, एका रेषेत यायला हवेत.

ही प्लेट बाबांनी केली. त्यांनी बेचाळीस वर्षं लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, काढली होती, कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. निवृत्त झाल्यावर एक जुना लेथ त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये आणून ठेवला होता आणि त्याच्यावर शेजाऱ्यांच्या नळांपासून खुर्च्यांच्या पायांपर्यंत काय वाट्टेल ते नीट करून देत होते. मग डोळे गेले. म्हणजे सगळे नाही गेले. डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध झिजला. दाराची चौकट दिसायची, दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. लेथची चाकं दिसायची, चाकावरचे आकडे दिसायचे नाहीत. दोन वर्षं बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि रेडिओच्या बातम्यांवर चिडत राहिले. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. ती म्हणायची, "गिऱ्हाइकं बरी, निदान औषध घेऊन निघून तरी जातात."

फ्यूजने जेव्हा प्लेटची गोष्ट काढली तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. सहा आठवडे ते गॅरेजमध्येच होते. चाकाचे फेरे मोजून, बोटांनी चाचपून, भिंगाखाली दिवा धरून त्यांनी परातीएवढी, दीड बोट जाडीची ॲल्युमिनियमची प्लेट कातली, भोकं पाडली, कडा कानशीने घासून मऊ केल्या, आणि वरच्या भोकापाशी पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक ठिपका मारला. कारखान्यात प्रत्येक टर्नरची आपली खूण असायची, तशी त्यांची ही. जेवताना त्यांना भूक लागायला लागली. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच विनोदावर हसून दाखवलं, जे घरात कुणी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग मोजायचा दिवस आला. मोटर जमिनीवर उभी केली, शाफ्ट वर. तिच्यावर प्लेट घट्ट केली, प्लेटवर तशाच दुसऱ्या, मोडीतल्या गिअरबॉक्सचं रिकामं कवच, जागा पक्की करणाऱ्या पिनांवर बसवलं. मोटरच्या शाफ्टला लोहचुंबकाने डायल चिकटवला. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी, तिला एक टोचणारं टोक. ते टोक कवचाच्या मधल्या गोल भोकाला आतून टेकवायचं आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा. दोन्ही मध्य एकावर एक असतील तर काटा जागचा हलत नाही. नसतील तर हलतो. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पाच रेघांपर्यंत काही बिघडत नाही. दहाला बेअरिंग कुरकुरायला लागतं. चाळीस रेघांची मोटर हजारो फेऱ्यांनी फिरली तर आधी बेअरिंग जाणार, मग शाफ्ट तुटणार, आणि तुटलेला शाफ्ट कुठे जाईल हे त्याचं तोही सांगू शकणार नाही. पुढच्या सीटवर बाबा असणार. मागे आई.

शाफ्ट बाबा फिरवत होते. काटा लेक वाचत होती, कारण बाबांना काटा दिसत नव्हता. डोळे गेल्यापासून सगळंच तिने वाचायचं. पत्रं, वर्तमानपत्र, मीटर, मायक्रोमीटर.

"किती?"

तिने काट्याकडे पाहिलं, बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते नेहमीसारखे थोडे तिरके बघत होते, म्हणजे डोळ्याच्या कडेने जेवढं दिसेल तेवढं दिसावं म्हणून.

"दोन."

"नीट बघ. मी परत फिरवतो." त्यांनी परत फिरवला.

"दोनच," ती म्हणाली. एकदा पाण्यात पडल्यावर पोहायलाच लागतं.

बाबांनी शाफ्टवरचा हात काढला. मग हात पुसत म्हणाले, "बरं." आणि आत जाऊन आईला सांगितलं, शेजारच्या शिंपीबुवांना सांगितलं, दूध टाकणाऱ्याला सांगितलं. दोन रेघा. शिंपीबुवांना रेघांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते म्हणाले, वा.

दुपारी बाबा झोपल्यावर फ्यूजने एकटीने परत मोजलं. अडतीस. पिना काढून परत बसवल्या. एक्केचाळीस. कवच पुसलं, प्लेट पुसली, डायलचं टोक पुसलं, काहीच उरलं नाही तेव्हा स्वतःचा चष्मा पुसला. चाळीस. पिनांची भोकं गिअरबॉक्सवरून प्लेटवर उतरवताना पंच सरकला होता, दुसरं काही नाही. भोकं मोठी करून भागणार नव्हतं, पिना घट्टच हव्यात. प्लेट वाया गेली होती. आणि ते सांगायला तिला तोंड उरलं नव्हतं. सकाळी एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलली असती तर सकाळीच संपलं असतं. आता त्या वाक्याच्या पुढे आणखी एक वाक्य लागत होतं: मी खोटं बोलले. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हे, आणि विहीर तिनेच खणलेली.

रविवारी तिने प्लेट गोणपाटात गुंडाळली, गिअरबॉक्सच्या कवचासकट कामाच्या व्हॅनमध्ये टाकली आणि धाकट्या उस्तादाकडे नेली. हा बाबांच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं, संगणकावर चालणारी दोन यंत्रं होती, आणि पुढे आलेलं पोट होतं. पण बाबांचं नाव निघालं की तो अजून उभा राहायचा. त्याने प्लेट मोजली, परत मोजली, आणि टेबलावर इतक्या हळू ठेवली की जणू ती झोपली होती.

"उस्तादांना सांगितलंस?"

"नाही. आणि तूही सांगायचं नाहीस."

"सांगून टाक, फ्यूज. माणूस खंबीर आहे."

"तू दोन वर्षं त्यांना खिडकीशी बसलेलं नाही पाहिलंस," ती म्हणाली. "मी पाहिलंय. ही प्लेट गेली हे कळलं तर ते परत त्या खुर्चीत जाऊन बसतील आणि उठणार नाहीत. मला अशीच दुसरी करून दे, फक्त पिनांची भोकं जागेवर. अगदी अशीच. ठिपक्यासकट."

धाकटा उस्ताद बराच वेळ टकलावरून हात फिरवत राहिला. त्याला ते पटलं नव्हतं हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण गुरूची मुलगी समोर डोळ्यांत पाणी घेऊन उभी राहिली की न पटलेलंही माणूस करतो. "कडा यंत्रावर मारून चालणार नाहीत," तो शेवटी म्हणाला. "यंत्राची कड त्यांना बोट लावल्याबरोबर कळेल. मी हाताने कानशीने घासतो. त्यांनीच शिकवलंय, तीन हात जाताना, एक हात येताना."

"घास," ती म्हणाली. तिला तेवढ्याने धीर आला, जो यायला नको होता.

नवी प्लेट दोन आठवड्यांनी मिळाली. तोवरचे दिवस तिचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. जुनी प्लेट कवचासकट वर्कशॉपमध्ये, आणि गॅरेजमध्ये मोटरवर ताडपत्री झाकलेली. बाबा रोज विचारायचे, "आज जरा प्लेटवरून हात फिरवू का?" आणि ती रोज काहीतरी सांगायची. रंगाचा पहिला हात दिलाय. ग्रीस लावलंय, हात खराब होतील. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला प्रत्येक साध्या प्रश्नात संशय दिसायला लागला. बाबांनी मीठ मागितलं तरी ती आधी त्यांच्या तोंडाकडे बघायची. कामावर एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आतल्या बाई शांतपणे विणकाम करत बसल्या होत्या आणि बाहेर फ्यूज एकाच बोल्टला तिसऱ्यांदा पाना लावत होती. तिच्या जोडीदाराने तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि विचारलं, घरी सगळं बरं आहे ना.

"बरं आहे," ती म्हणाली. हे तिला आता छान जमायला लागलं होतं.

नवी प्लेट आणि कवच घेऊन ती आली तेव्हा बाबा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, आईबरोबर. तिने दार लावून घेतलं, प्लेट मोटरवर चढवली, कवच ठेवलं, डायल लावला. शाफ्ट फिरवताना ती मनातल्या मनात देवाला नव्हे तर धाकट्या उस्तादाला हाका मारत होती. काटा तीन रेघा हलला. तीन. ती तिथेच पालथ्या बादलीवर बसली आणि थोडी रडली. जुनी प्लेट तिने गोणपाटासकट व्हॅनमध्ये केबलच्या वेटोळ्याखाली सरकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला खरोखर वाटलं.

मोटर चढवायचा शनिवार उजाडला. साखळीची पुली दोन दिवसांपुरती मागून आणली होती, ती गॅरेजच्या तुळईला टांगली. गाडीचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. प्लेट मोटरला आधीच घट्ट केलेली होती, म्हणजे बाबांच्या हातात सुटी प्लेट यायचा प्रश्न नको. तिने सगळा विचार केला होता. माणूस सगळा विचार करतो तेव्हा एखादी गोष्ट राहतेच.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ग्रीसच्या कामाला इस्त्रीचा शर्ट, आई दारातून म्हणाली, धुणार कोण. बाबा सरळ मोटरपाशी आले, वाकले आणि प्लेटच्या कडेवर अंगठा ठेवला.

"ग्रीस वाळलं ना?"

"वाळलं," फ्यूज म्हणाली. ग्रीस कधी वाळत नाही हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

अंगठा कडेवरून चालायला लागला. ठिपक्यापाशी थांबला, पुढे गेला. पाव फेरा झाला. अर्धा फेरा झाला. लेक पुलीची साखळी हातात धरून उभी होती. पाऊण फेऱ्यावर अंगठा थांबला, थोडा मागे आला, परत पुढे गेला. बाबांनी दुसऱ्या हाताचाही अंगठा लावला.

"त्याची बायको बरी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोणाची?"

"धाकट्याची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना."

फ्यूजने हातातली साखळी सोडली.

"डावखुरा आहे तो," बाबा म्हणाले. "अकरा वर्षं सांगितलं तरी कानस उजवीकडून धरली नाही. त्याची कड उलटी उतरते. काम मात्र छान करतो." ते सावकाश सरळ झाले, कंबरेवर हात ठेवून. "माझी कुठे आहे?"

"बाबा, मी तुम्हाला—"

"माझी प्लेट कुठे आहे ते विचारतोय."

तिने ती व्हॅनमधून आणली. गोणपाट सोडलं. बाबांनी प्लेट हातात घेतली नाही, नुसतं बोट टेकवून ती आपलीच असल्याची खात्री केली. "लाव," ते म्हणाले. "ती काढ, ही लाव. डायल आण."

"बाबा, कशाला आता. ही नवी बरोबर आहे, मी मोजलंय."

"लाव."

नवी प्लेट काढायला आणि जुनी लावायला तिला अर्धा तास लागला, एरवी दहा मिनिटांचं काम. बोल्ट हातातून दोनदा पडले. बाबा तोवर शर्टाच्या बाह्या दुमडत बसले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. कवच बसलं. डायल बसला. बाबांनी शाफ्ट धरला आणि एक पूर्ण फेरा सावकाश फिरवला.

"किती?"

"चाळीस," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांना ते ऐकून धक्का बसलेला दिसला नाही. "पंच सरकला होता," ते म्हणाले. "तेव्हाच हाताला लागलं होतं. म्हणून तुला दोनदा विचारलं."

"मला वाटलं तुम्ही परत त्या खुर्चीत जाऊन बसाल."

"बसलो असतो दोन दिवस. मग उठून दुसरी केली असती." त्यांनी प्लेटवर तळहात ठेवला. "बेचाळीस वर्षांत मी किती माल बिघडवला असेल, मोजला तर ही खोली भरेल. बिघडला तर बिघडला म्हणायचं, भंगारात टाकायचा, दुसरा तुकडा घ्यायचा. त्यात रडायचं काय? पण माप खोटं सांगायचं नाही. चूक कुठे झाली हे कळतं ते मापानेच. तेच खोटं निघालं तर माणसाने कुठून सुरुवात करायची?"

"मी तुमच्यासाठी केलं, बाबा."

"माहीत आहे मला. म्हणून तर काही बोलत नाहीये."

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं, एकदा पाठीवर हातही ठेवला, आणि रडणं ओसरल्यावर म्हणाले, "चल. आता त्याची लाव."

परत जुनी काढली, नवी लावली. कवच, पिना, डायल. बाबांनी शाफ्ट फिरवला. काटा तिच्या डोळ्यांसमोर तीन रेघा सरकला आणि परत आला. इतका स्वच्छ काटा तिने कधी पाहिला नव्हता.

"किती?"

"तीन."

शाफ्ट बाबांच्या मुठीत तसाच होता. त्यांनी मान तिरकी करून डायलकडे डोळ्याच्या कडेने पाहिलं, थोडं इकडून, थोडं तिकडून, पुढे वाकून, मागे सरून. काटा कुठे आहे ते त्यांना दिसत नव्हतं. ती बघत होती आणि तिच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं. तीनच होते. तीनच्या पुढे ती आणखी काय लावणार होती?

"तीन आहेत, बाबा. खरंच."

"असतील," बाबा म्हणाले. मग त्यांनी दाराकडे तोंड केलं. "अगं ए, जरा बाहेर ये. चष्मा घेऊन ये."

आई हात पुसत आली. "काय झालं?"

"मी हे फिरवतो. तो काटा किती रेघा हलतो ते सांग."

"मला काय कळतंय त्यातलं."

"कळायला नकोय. वाचायला हवंय."

आईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. औषधांच्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई होती ती, कधी विचारायचं आणि कधी नुसतं वाचायचं हे तिला समजायचं. तिने चष्मा लावला. बाबांनी शाफ्ट फिरवला.

"तीन," आई म्हणाली. "फार तर साडेतीन म्हण."

"बरं," बाबा म्हणाले. "चढवा."

साखळी ओढून मोटर उचलली, गाडीच्या पोटात उतरवली, गिअरबॉक्सला नेऊन भिडवली. ती अशी अलगद बसली की फ्यूजने एरवी उडी मारली असती. उरले बोल्ट. गिअरबॉक्सचे सगळे बोल्ट सारखेच आवळायचे असतात, कमी नाही, जास्त नाही, म्हणून पाना असा होता की किती जोर लागला ते त्याच्या तबकडीवर दिसतं. पाना लेकीच्या हातात होता. आई जायला निघाली तेव्हा बाबा म्हणाले, "तू थांब."

पहिला बोल्ट लेकीने आवळला. "पंचेचाळीस," आईने वाचलं. बाबा म्हणाले, "पुढचा." दुसरा. तिसरा. आईचे पाय दुखायला लागले, तिने बादली पालथी घालून त्यावर बसून वाचायला सुरुवात केली. चौथा. पाचवा.

सहाव्याला लेकीच्या तोंडून सवयीने आकडा निघून गेला. "पंचेचाळीस."

बाबा मान आईच्या दिशेने वळवून तसेच थांबून राहिले.

"पंचेचाळीस," आई म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले. "पुढचा."